रंजनासमोर मी हसले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. म्हणजे यातलं अर्धं मी खूप जणींना सांगितलंय, अगदी डोळे भरून — आणि तेच जास्त वाईट. पण थांबा, नीट सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नगरकडून घणसोली गावात आले. ह्यांना तळोज्याला एका कारखान्यात नोकरी होती. घरमालकांच्या घराला चिकटूनच एक खोली भाड्याने मिळाली, मोरी दोघांत एक. तेव्हा गावापलीकडे टॉवर नव्हते. मोकळी शेतं, खाडीवरून येणारा वारा, पत्र्यावर वाळत घातलेली सुकट. त्या वासाने सुरुवातीला मला मळमळायचं. पुढे गाव सोडल्यावर त्याच वासासाठी जीव तुटायचा.

मालकीणबाईंना सगळे आई म्हणत, मीही म्हणायचे. कडक बाई, पण घरात कालवण झालं की माझी वाटी भरूनच यायची. त्यांची सून रंजना माझ्याच वयाची. दुपारी पुरुष कामावर गेले की आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचो, कशावरूनही हसायचो. तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

आम्ही ख्रिस्ती, हे घरात ठाऊक होतं. कुणाची हरकत नव्हती. मी जेवणाआधी काहीतरी पुटपुटते, हे रंजनाने पाहिलं आणि एकदा विचारलं. मी सांगितलं. तिची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती इतकी घाबरलेली, की साधा हंडा उचलायचीही तिला भीती वाटायची. एके दिवशी म्हणाली, "ताई, माझ्यासाठी पन बोला ना तुमच्या देवाशी."

मग रोज दुपारी आम्ही प्रार्थना करू लागलो. तिच्या देव्हाऱ्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हटलं, की मी ज्याला मानते तो माणसाला एकटं टाकत नाही. हळूहळू ती स्वतःच बोलू लागली — तिच्या आगरी बोलीत, माहेरच्या माणसाशी बोलावं तशी. ते ऐकताना वाटायचं, माझी प्रार्थना कधी इतकी खरी होती का?

पाचव्या महिन्यात ते आईंच्या कानावर गेलं.

त्या माझ्या दारात आल्या. मागे रंजना. आई ओरडल्या नाहीत. "खरा सांगा," म्हणाल्या, "ह्या तुमी शिकवलाव हिला? आमचे घरान ह्या नाय चालनार."

त्या क्षणी मला काय दिसलं? खोली. ती गेली तर दुसरी कुठे शोधायची, ह्यांना काय सांगायचं, गाव काय म्हणेल. रंजना माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. मी तिच्या बाजूने उभी राहीन याची तिला खात्रीच होती.

मी हसले. हो, हसले. म्हणाले, "छे हो आई, मी कशाला शिकवू? माझं बघून करत असेल. आणि आमचं तरी काय — रविवारी जातो, रीत म्हणून. त्यात एवढं काही नसतं."

आई सुनेकडे वळल्या. "आयकलास ना?"

रंजना त्यांच्या मागोमाग घरात गेली. पुढचे चार महिने घरातली सगळी बोलणी तिने एकटीने खाल्ली. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. मी एकदाही उठून गेले नाही.

मुलगी झाली, सुखरूप. मी बघायला गेले तेव्हा रंजनाने बाळ माझ्या मांडीवर दिलं, मायेनेच. मी — मला कसं सुचलं कोण जाणे — हळूच म्हणाले, "ऐकलं बघ देवाने."

"असंल," ती म्हणाली. "मी त्या दिसापासून कोनालाच काय मागितला नाय, ताई. तुमच्या देवाला पन नाय, आमच्या पन नाय. तुमीच बोललाव ना, त्यान काय नसता."

आवाजात राग नव्हता. मी बाळाचं टोपडं नीट करत राहिले.

दोन वर्षांनी आम्ही ऐरोलीला राहायला गेलो. तिथल्या चर्चमधल्या महिलांच्या सभेत मला साक्ष द्यायला — देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर मांडायला — सांगितलं आणि मी रंजनाचीच गोष्ट सांगितली. शेजारीण, तिची भीती, दुपारच्या प्रार्थना, सुखरूप मुलगी. तिथेच थांबले. बायकांनी डोळे पुसले. मग दुसऱ्या चर्चच्या मंडळीतही बोलावलं. कितीदा सांगितली असेल? दारातलं ते बोलणं दर वेळी गाळलं. तिने जे सोडलं ते माझ्या तोंडचं ऐकून सोडलं, आणि मी तिचंच नाव घेऊन चांगली विश्वासणारी म्हणून मिरवले.

रंजना अजून घणसोलीतच आहे. ऐरोलीहून बसने फार वेळ लागत नाही. मी गेलेले नाही.