पुस्तकाला पोत्याचा टाका

मार्केट यार्डात मी चाळीस वर्षं पोती शिवली. दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचं तोंड डाव्या हातानं मुरगाळून धरायचं आणि ह्या कानापासून त्या कानापर्यंत एका दमात टाके घालत जायचं. माझं पोतं ट्रकमधनं फेका, पावसात टाका, कुठंही पाठवा. दुसरीकडं फाटेल, पण टाका उसवायचा नाही. व्यापारी लांबनं बघून सांगायचे, ही म्हाताऱ्याची शिवण. त्यांनी मला म्हातारा म्हणायला सुरुवात केली तेव्हा माझे केस काळे होते. स्वभावावरनं म्हणत असतील.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते ह्या टाक्याच्या तोऱ्यातनंच झालं.

शाळा मी तिसरीत सोडली. हातकणंगल्याकडं आमच्या गावात घरच्या दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या मागं जाणारं दुसरं कुणी नव्हतं. वाचता येतं, पण दुकानाची पाटी वाचावी तसं, एकेक अक्षर उभं करून. त्यामुळं पुस्तकाच्या वाटेला मी कधी गेलो नाही. नात तिसरीत गेली आणि पुस्तकं आपण होऊन घरात यायला लागली.

राजारामपुरीत क्लासच्या दोन मोठ्या पाट्यांच्या मधे तिची शाळा अंग चोरून उभी आहे. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक जुना वर्ग. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्यात आणि धुणं वाळत घालावं तशी त्यांवर पुस्तकं घातलीत. खाली सतरंजी. दाराजवळच्या फळीवर खिळे, आणि एकेका खिळ्यावर एकेका पोराचं कार्ड. तिथल्या बाई कधी नुसतं वरचं चित्र दाखवतात आणि आत काय असेल ते पोरांनी सांगायचं. कधी शेवटचं पान झाकून ठेवतात आणि शेवट पोरांनी काढायचा. नात घरी आली की हाच खेळ आमच्याशी. आमच्या म्हातारीचा प्रत्येक शेवट लग्नात व्हायचा. बेडकाची गोष्ट असली तरी बेडकाचं लग्न.

"आजी, बेडूक लगीन करत न्हाय."

"मग पोरं कुठनं आली त्याला?"

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी तिसरी-चौथीतलं एक पोर पहिलीच्या पोरांना सतरंजीवर बसवून गोष्ट वाचून दाखवतं. नंबर यायला महिने लागतात. नातीचा नंबर लागला तेव्हा ती जिन्यावरनं ओरडतच वर आली. पुस्तक तिनं स्वतः निवडलं होतं, एका म्हशीचं. म्हैस तळ्यात जाऊन बसते आणि उठत नाही. मालक ओढतो, गाव ओढतं, दोर तुटतो, म्हैस ढिम्म. शेवटी सगळे कंटाळून घरी जातात तेव्हा ती आपसूक उठते आणि त्यांच्या मागनं चालत येते. मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र, तळ्यात पसरलेली अख्खी म्हैस.

आठवडाभर ती रोज संध्याकाळी आम्हा दोघांना पहिलीची पोरं करून समोर बसवायची आणि वाचायची. मला राहवायचं नाही. म्हशींत वाढलेला माणूस मी.

"दोर लावून म्हैस उठती व्हय? पेंड दाखवा म्हणावं."

"आज्जा, मधी बोलायचं न्हाय. हात वर करायचा."

मी हात वर केला. "पेंड दाखवा म्हणावं."

"गोष्टीत पेंड न्हाय."

"मग कसली म्हैस आणि कसली गोष्ट!"

म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "अवं, तिला पेंड दावून काय उपेग? तुमीच बसलायसा की पाण्यात."

गुरुवारी आम्ही जेवायला बसलो. पोराची रिक्षा अजून आली नव्हती, सून आत भाकरी थापत होती. नातीच्या उजव्या हातात घास आणि डाव्या हातात पुस्तक.

"ठेव ते. आदी जेव."

"एकच पान, आज्जा."

"ठेव म्हणतो न्हवं?"

"मधलं, म्हशीचं हाय की!"

मी पुस्तक धरलं. तिनं सोडलं नाही. माझीच नात ती. मी हिसडा मारला, आणि मधली दोन पानं तिच्या हातात, बाकीचं पुस्तक माझ्या हातात.

ती रडली नाही. ती दोन पानं पोटाशी धरून बसून राहिली. म्हातारी म्हणाली, "झालं समाधान?"

चुकलं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मालकापुढं नाही, बायकोपुढं तर नाहीच. मी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणालो, "पुस्तकच कच्चं हाय. दोन पिनांवर भागवलंय. असल्या शिवणीवर आमी कोंडासुद्दा भरला न्हाय."

"आज्जा," नात बारीक आवाजात म्हणाली, "आता माझं कार्ड खाली येणार."

मग तिनं नियम सांगितला. पुस्तक फाटलं तर बाईंना सांगायचं. ज्यानं फाडलं त्यानंच ते शिवायचं, आणि नीट होईपर्यंत त्याचं कार्ड खिळ्यावरनं खाली, बाईंच्या पेटीत. कार्ड नाही म्हणजे शनिवारचा नंबर नाही.

"कोण म्हणतो न्हाय? आण हिकडं."

पत्र्याच्या डब्यातनं मी माझं दाभण बाहेर काढलं. सुतळी उलगडून तिचा एक पदर वेगळा केला, त्याला मेणबत्ती घासली. पानं आकड्यांनी जुळवून एकावर एक ठेवली. पाठीपासनं बोटभर आत सोडून दाभणाचं टोक टेकवलं आणि वर ठोकायला वरवंटा घेतला.

"अवं, माझा वरवंटा!"

"गप्प बस."

अकरा भोकं पाडली. अकरा टाके घातले, प्रत्येक टाका पाय लावून आवळला आणि शेवटाला अशी गाठ मारली की दातानंसुद्धा सुटू नये. मग दोन्ही कव्हरं धरून पुस्तक झटकलं. एक पान हललं नाही.

"घे. सात जल्म फाटणार न्हाय."

तिनं हातात घेतलं, बोटं घालून बघितलं. "आज्जा, उघडंना की."

"नवं हाय. वापरून सैल हुईल."

शुक्रवारी ती शाळेतनं आली. दप्तर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. म्हातारीनं जवळ जाऊन हळूहळू सगळं काढून घेतलं. कार्ड खाली आलं होतं. शनिवारचा नंबर गेला होता, आता परत यायला दोन-तीन महिने.

माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षांत माझी शिवण कुणी परत पाठवली नव्हती.

"उद्या मी येतो शाळंत."

"नको, आज्जा."

"का नको? इच्यारतो की त्या बाईला."

"आज्जा, नको ना."

मला वाटलं, पोरीला माझी लाज वाटते. टोपीची, बोलण्याची, मोठ्या आवाजाची. ते मनाला लागलं, आणि लागलं म्हणून जायचं जास्तच पक्कं झालं.

शनिवारी सकाळी धुतलेला सदरा घातला, टोपी नीट बसवली आणि तिच्यासोबत निघालो. वाटेत तिनं दोनदा माझा हात मागं ओढला. ग्रंथालयात पहिलीची पोरं सतरंजीवर आधीच बसली होती. बाई माझ्या पोराच्या वयाच्या. "या आजोबा, बसा," म्हणाल्या. मी बसलो नाही.

"बाई, ह्या शिवणीत काय खोट हाय ते सांगा."

त्यांनी कपाटातनं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "खोट नाही, आजोबा. तेवढी मधली म्हैस काढून पोरांना दाखवा."

मी उघडायला गेलो. दोन्ही अंगठे लावावे लागले. जरा हात सैल केला की पुस्तक फटकन मिटायचं. शेवटी गुडघ्यावर दाबून उघडलं आणि पोरांकडं फिरवलं. एका बाजूला म्हशीचं डोकं, दुसऱ्या बाजूला शेपूट. मधलं सगळं माझ्या टाक्यांनी खाल्लेलं.

पुढच्या ओळीतलं एक पोरगं गुडघ्यावर उठलं. "म्हशीचं पोट कुठं गेलं?"

"आजोबांनी आत शिवलंय!" मागनं आवाज आला, आणि सगळी सतरंजी हसली.

बाई हसल्या नाहीत. जवळ येऊन हळू म्हणाल्या, "टाका फार पक्का आहे, आजोबा. पुस्तकाचं एवढं काही नाही. मला वाईट वाटलं ते हिचं. इतकी जपून वापरणारी मुलगी, पण 'जेवताना माझ्या हातून फाटलं' म्हणाली. स्वतः सांगितलं म्हणून मी रागावले नाही. नियम मात्र सगळ्यांना सारखाच ठेवावा लागतो."

मी नातीकडं बघितलं. ती सतरंजीच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तिचं 'नको, आज्जा' मला आत्ता कळलं. लाज नव्हती ती. मला झाकत होती.

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पुस्तक ठेवून घरी आलो असतो, बाईंना कळलं नसतं, नातीनं तर जन्मात सांगितलं नसतं. समोर तीस-एक पोरं, निम्म्यांचे पुढचे दात पडलेले, सगळी माझ्याकडं बघत होती. मी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, ही खोटं बोलली."

नातीनं झटक्यात मान वर केली.

"फाडलं ते मी. मी वडलं. तिनं नुसतं धरून ठेवलंतं. चुकी माझी हाय."

मग तेच पुढचं पोरगं म्हणालं, "आजोबा, तुमचं कार्ड हाय का?"

"न्हाय."

"मग खाली काय घेणार?"

बाईंना हा प्रश्न अगदी बरोबर वाटला. त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं, माझं नाव विचारून लिहिलं, रिकाम्या खिळ्यावर अडकवलं, पोरांना दाखवलं आणि लगेच काढून पेटीत टाकलं. नातीचं कार्ड पेटीतनं काढून तिच्या खिळ्यावर परत लावलं. ग्रंथालयात माझं नाव लागलं ते असं, घटकाभर.

"आता नियम काय?" बाईंनी पोरांना विचारलं.

"फाडणाऱ्यानं शिवायचं!" सगळी एका सुरात ओरडली.

बाईंनी घड्याळाकडं बघितलं. "तास संपायला अर्धा तास आहे. आजोबांनी तेवढ्यात शिवलं तर आजची गोष्ट त्यांची नातच वाचेल. तोवर तुम्ही मला सांगा, म्हशीचं पोट कुठं गेलं असेल?"

कोपऱ्यात एक टेबल होतं. त्यावर खळ, कात्री, सुई-दोरा आणि 'पुस्तकांचा दवाखाना' अशी पाटी. तिथं दोन वेण्या घातलेली चौथीतली एक मुलगी बसलेली. तिनं पुस्तक हातात घेऊन डॉक्टरासारखं उलटंपालटं केलं.

"आजोबा, हे सगळं आदी कापायला लागणार."

"दे कात्री. माझा टाका मीच कापतो."

अकरा टाके एकेक करून कापले. शेवटच्या गाठीला कात्री घसरली, तेव्हा मला मनातनं बरं वाटलं. मग ती सुटली.

मागं सतरंजीवर आरडाओरडा चालला होता. "म्हैस पोट घरी इसरून आली!" "पोट दुखत हुतं म्हणून दवाखान्यात ठिवलंय!" "पोट दूध द्याया डेअरीत गेलंय!" बाई प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत होत्या, जसंच्या तसं.

चौथीतली मला सांगत होती. पानं एकावर एक ठेवायची नाहीत, मधोमध घडी घालून एकात एक बसवायची. घडीवर तीन भोकं. मधल्यातनं बाहेर, वरच्यातनं आत, खालच्यातनं बाहेर, परत मधल्यातनं आत आणि गाठ.

"तीनच? निघंल की."

"न्हाय निघत. आजोबा, एवढं आवळू नका, पान वळंना."

मी सैल केलं आणि सवयीनं परत आवळलं. तिनं माझ्या हातातनं दोरा घेतला, सैल केला आणि परत माझ्या हातात दिला. असं तीनदा झालं. पोत्याचं तोंड परत उघडू नये म्हणून जन्मभर शिवत आलो. उघडण्यासाठी शिवायचं हे ह्या हातांना माहीतच नव्हतं. घामानं दोरा बोटाला चिकटत होता. चौथ्यांदा तिनं पान उलटून बघितलं, दुसरं उलटलं आणि म्हणाली, "हं. आता बरं हाय."

घंटेला दहा-बारा मिनिटं उरली होती. नात पुढं जाऊन स्टुलावर बसली. पहिल्या पानाला तिचा आवाज कापत होता. दुसऱ्यापासनं सुटला. मधलं पान आलं तेव्हा तिनं पुस्तक दोन्ही हातांनी अख्खं उघडलं आणि पोरांकडं फिरवलं.

"आलं! पोट आलं!"

निम्मी पोरं उठून चित्राला हात लावायला धावली. बाईंनी त्यांना परत बसवलं. गावानं दोर लावला, तो दोर तुटला, आणि माझा हात आपोआप वर गेला. नातीनं पुस्तकावरनं माझ्याकडं बघितलं.

"आज्जा, गोष्टीत पेंड न्हाय," ती म्हणाली आणि पुढं वाचायला लागली.

शेवटचं पान संपलं आणि घंटा झाली. जाताना बाईंनी पेटीतनं माझं कार्ड काढून माझ्या खिळ्यावर अडकवलं.

तेव्हापासनं शनिवारी सकाळी मी त्या टेबलावर असतो. म्हातारी म्हणते, "तिसरीत पळून आलासा, आता चौथीच्या पोरीच्या हाताखाली बसतायसा." चौथीतली ती आता दुसऱ्या शाळेत गेली. तीन भोकांचा टाका मी नव्या पोरांना शिकवतो, आणि जो जास्त आवळतो त्याच्या हातातनं दोरा काढून घेतो.

म्हशीचं पुस्तक अजून दोरीवर आहे. माझ्या दाभणाची अकरा भोकं पाठीजवळ तशीच राहिलीत. पान उजेडाकडं धरलं की त्यातनं ऊन येतं, आणि पहिलीत नवीन आलेली पोरं भोकाला डोळा लावून एकमेकांना बघतात. परवा एकीनं विचारलं, "बाई, ही भोकं कुणी पाडली?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दोऱ्याला मेण लावत होतो.

"मी पाडली," मी म्हणालो. "ये हिकडं, सांगतो."