पलंगाखालच्या दोन बॅटऱ्या

निवृत्तीनंतर यांनी एक जुनी तेरा सीटची गाडी घेतली आणि वाघोलीच्या एका गॅरेजात तिचं घर करून घेतलं. मागे पलंग, छोटा ओटा, फ्रिज, पंखा. कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये हयात गेलेली, त्यामुळे विजेच्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवली आणि घरासाठी आणखी दोन पलंगाखालच्या पेटीत बसवल्या. पंखा कितीही वेळ चालला तरी गाडी सुरू व्हायला अडायला नको, असा हिशोब होता.

कात्रजच्या आमच्या सोसायटीत ती गाडी कुणाला फारशी आवडली नाही. सेक्रेटरी म्हणायचे, "तुमचं घर जरा पुढे घ्या, आम्हाला आमच्या गाड्या काढायच्या आहेत." आम्ही पुढे घ्यायचो. आळीपाळीने चालवत चार वर्षांत दोघं पुष्कळ फिरलो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाणी पाहायचे. मी शेजारी उभी राहून ऐकायची. शिकायचं म्हणून नाही, यांना बोलायला कुणी हवं असायचं म्हणून. पुढे पुढे हे एकटेच खाली जाऊन यायचे, मीही काही विचारायची नाही.

गेल्या एप्रिलमध्ये भोरकडे जायचं ठरलं होतं. सकाळी चिवड्याचा डबा घेऊन खाली गेले, तर गाडीच्या दारातच सडक्या अंड्यासारखा वास आला. हे आत ओट्यापाशी उभे होते, हातात शेगडीचा लायटर. असा वास आला की बॅटरी जास्त चार्ज होऊन गॅस सोडतेय आणि तो गॅस ठिणगीने पेटतो, हे मला यांनीच सांगितलं होतं.

"अहो, लायटर खाली ठेवा आणि बाहेर या," मी म्हणाले.

यांना कसलाच वास येत नव्हता. वैतागले, पण माझा चेहरा पाहून उतरले. मग स्वतःच चार्जरचा चिमटा ओढायला परत वळले. मी दंड धरून थांबवलं. तिथेच ठिणगी उडाली असती. गाडीची दारं सताड उघडली आणि पार्किंगमधल्या बोर्डावरचं बटण बंद केलं. यांनी चार्जर दोन दिवसांपूर्वी लावला होता. जुना चार्जर, आपोआप बंद होणारा नव्हता. हे सगळं यांना माहीत होतं. लावल्याचंच आठवत नव्हतं.

बिबवेवाडीत बॅटरीचं दुकान असलेल्या एका मेकॅनिकला फोन केला. चाळिशीतला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, बॅटऱ्या पूर्ण गार होईपर्यंत कुणी जवळ जाऊ नका. दुपारी तो आला. एका बॅटरीचं पोट फुगलं होतं. त्याने चष्मा आणि रबरी हातमोजे चढवून झाकणं उघडली, आत पाहिलं आणि यांना विचारलं, पाणी कधी घातलं होतं.

"या रविवारी," हे ठामपणे म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बॅटऱ्यांचं वय झालंय, काका, एवढंच बोलून त्या उतरवायला लागला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "काकू, आतल्या प्लेटा उघड्या पडल्यात. कित्येक महिने पाणी घातलेलं नाही. त्यांच्यासमोर बोललो नाही." मी आभार मानले आणि नव्या बॅटऱ्या आणायला सांगितल्या.

परत आले तर हे गाडीच्या पायरीवर बसले होते.

"पाणी मी घातलं नव्हतं ना?" यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण चाळीस वर्षांत यांना ते कधी पटलेलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

यांनी मागे वळून रिकाम्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नव्या आल्या की हात तू लावायचास. मी सांगत जाईन."

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते आम्हाला त्या पायरीवरच कळलं होतं. यांचं गाडी चालवणं तेव्हापासून बंद झालं.

मेकॅनिकने नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि वेळेवर बंद होणारा चार्जरही दिला. पहिल्या रविवारी हे स्टुलावर बसले आणि मला बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावलं. धातू दोन टोकांना टेकला तर भाजेल म्हणून. चार्जर बंद आहे ना, हे तीनदा विचारलं. तार सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही; चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत, वर नाही. एक पायरी चुकली नाही. काल जेवायला काय होतं हे सांगता येत नव्हतं, आणि हे सगळं मात्र घडाघडा बोलत होते. माझ्याकडून पाणी सांडलं, तर रागावले नाहीत. "सावकाश," म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

पाऊस संपल्यावर आम्ही भोरला गेलो. गाडी मी चालवली. घाटात हे प्रत्येक वळणाआधी मला हॉर्न द्यायला सांगत होते, आणि मी देत होते.