मनात मारलेला काका

अंधेरीच्या गावठाणातली ती विहीर आता बुजवली आहे, पण तिच्या काठावर जे घडलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. तपास पूर्ण झाला, शिक्षा झाली, कागद दप्तरी जमा झाले. तरी त्या माणसांचं वागणं मला पुरतं उमगलं असं आजही म्हणवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. औद्योगिक वसाहतीला लागून जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती होती. बोली मराठी, घरासमोर क्रूस, दाराशी केळी. एका संध्याकाळी तिथला एक म्हातारा विहिरीजवळ डोकं फुटून पडलेला सापडला. शेजाऱ्याने त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं आणि तिथूनच आम्हाला खबर दिली. म्हातारा बेशुद्ध. जखम पडून झालेली नाही, कोणीतरी जड वस्तूने मारलं आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हत्यार मिळालं नाही, पाहणारा कोणी नाही.

म्हाताऱ्याचा पुतण्या वसाहतीतल्या कारखान्यात फिटर होता. काका-पुतण्यात सामाईक भिंतीवरून भांडण असल्याचं सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पण भांडण काय, कुठल्या घरात नसतं? काही आठवडे आमचा तपास जागचा हलला नाही. मग एक दिवस तोच शेजारी चौकीवर येऊन माझ्या कानाशी लागला.

"साहेब, पुतण्या दर शनिवारी फादरकडे कन्फेशनला जातो. पापं सांगायला. कायच केला नसल, तर दर शनिवारी जायचा काम काय?"

मी रत्नागिरीकडचा, हवालदार मालवणचा. चर्चमध्ये जाळीआड बसून पाप सांगतात, एवढंच आम्हाला माहीत. मुद्दा मला पटला. पुढच्याच शनिवारी पुतण्या चर्चच्या पायऱ्या उतरत असताना आम्ही त्याला ताब्यात घेतलं.

माझ्या नोकरीत नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. पोपटासारखे बोलणारेही भेटले. हा तिसराच निघाला.

"काकाला मारलंस?" मी विचारलं.

तो विचारात पडला. "हाताने नाय, साहेब. मनात मारला."

"म्हणजे?"

"भिंतीचा भांडण झाला, तवा वाटला का हा मरंल तर बरा. एकदा नाय, पुष्कळदा. तो पाप माझा हाय. ते मी फादरला सांगितला."

"दगडाने मारलंस की लोखंडाने?"

"मनात दगड नव्हता, साहेब. नुसता मेलेला बघितला."

हवालदाराने लेखणी खाली ठेवली. "सायबानू, ह्येचा डोक्या फिरला हा. ह्या काय लिवू?"

मलाही ते कळेना. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीत हा माणूस स्वतःची चूक शोधून काढत होता. काकाला लागल्यावर भेटायला गेला नाही, ही चूक. बायकोवर त्याचा राग काढला, ही चूक. पण मारलंस का म्हटलं की, हाताने नाही. ही बनवाबनवी की खरेपणा? त्याची बायको बाहेर बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती. म्हातारा अजून बेशुद्धच होता; तो दगावला असता तर तिच्या नवऱ्यावर खुनाचं कलम लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारपर्यंत त्याला सोडायचं किंवा अटक दाखवून कोर्टात उभं करायचं, यातलं एक ठरवणं भाग होतं. मी साध्या वेषात फादरना गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "त्याने आंबा चोरल्याचं सांगितलं असतं, तरी ते मी तुम्हाला सांगू शकत नाही." पुढे काही विचारायच्या आत घंटा झाली आणि ते आत गेले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

प्रार्थनेच्या शेवटी लोक प्रसाद घ्यायला रांगेने पुढे जाऊ लागले. बाकांमागून बाकं रिकामी झाली. एका बाकावर मात्र आमचा तो शेजारी गुडघे आवळून बसून राहिला. लोक त्याला ओलांडून जात होते.

बाहेर पुतण्याची बायको दिसली. तिला मी सहज विचारलं, "तो शेजारी प्रसाद घ्यायला का गेला नाही?"

"कन्फेशन केल्याबिगर कसा जाईल? मनावर मोठा पाप असल, तर ती भाकर तोंडात घेत नाय, साहेब. आधी पहिल्या रांगेत असायचा तो. काकाला लागल्यापासून बसूनच असतो."

पुतण्यासारखी दर शनिवारी कन्फेशनला जाणारी तिथे अर्धीअधिक वस्ती होती. शेजाऱ्याला हे चांगलं माहीत होतं. आम्हाला माहीत नाही, हेही त्याने बरोबर ओळखलं होतं.

त्याला चौकीवर आणलं. दम दिला नाही, हात लावला नाही. एकच विचारलं, "प्रसाद का घेत नाहीस?"

त्याचा चेहरा पडला. तो ढसाढसा रडला. त्याची मुलगी घरातून पळून गेली होती. विहिरीवर म्हाताऱ्याने चारचौघांत तिच्यावरून टोमणा मारला होता. माणसं पांगल्यावर याने त्याच्या डोक्यात लोखंडी कांब हाणली आणि ती विहिरीत टाकली. मग म्हातारा मरेल या भीतीने त्यालाच उचलून इस्पितळात नेलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पंचांसमक्ष विहिरीत गळ टाकला. त्याने दाखवलेल्या जागी कांब निघाली.

मी त्याला म्हटलं, "आम्हाला खोटं सांगितलंस, दुसऱ्याला अडकवलंस. मग चर्चमध्ये प्रसादासाठीही तोंड उघडायचं होतं."

"तिथे खोटा वागाय नाय जमला, साहेब. तुमच्यासमोर जमला."

"मग कन्फेशन का नाही केलंस?"

"याला माफी नसंल, असा वाटला."

फादर आले. त्यांनी ना वशिला लावला, ना सवलत मागितली. त्याच्याजवळ थोडा वेळ बसू द्या, एवढंच म्हणाले. मी खोली रिकामी करून दिली. काय बोलणं झालं देव जाणे. दार उघडलं, तेव्हा तो माणूस ओळखू येईना. मघाशी पाणीसुद्धा न घेतलेल्या माणसाने हवालदाराकडे जेवण मागितलं.

मला राग आला, खरं सांगतो. निरपराध माणसाला जवळजवळ तुरुंगात घातलं आणि याला इतक्यात मोकळं वाटायला लागलं? मी म्हटलं, "कोर्ट सोडणार नाही तुला."

"नको सोडू दे. कोर्टाची शिक्षा मोजून मिळंल, तेवढी भोगीन. ही माफी मोजून नाय मिळाली, साहेब."

म्हातारा पुढे शुद्धीवर आला. शेजाऱ्याला शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं नाही.

पुतण्याला त्याच रविवारी सोडलं. बायको घराकडे वळली, हा चर्चच्या वाटेला लागला. मी विचारलं, "काल तर जाऊन आलास. आता काय उरलं?"

"रात्री लॉकअपमध्ये तुमचा लय राग आला, साहेब. मनात काय काय बोललो तुम्हाला. ते सांगून येतो."

जन्मभर मी लोकांकडून गुन्हे वदवून घेतले. ज्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती, ते सांगायला आपण होऊन निघालेला माणूस मी तो एकच पाहिला. खरं तर माफी मी त्याची मागायला हवी होती. कोणाकडे आणि कशी मागतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी चौकीच्या दारात नुसता उभा राहिलो.