वरवंट्याच्या मापाची सॅक

शरद गुरुजींची खरेदी म्हणजे पोलादपूरच्या दुकानदारांना घाम फोडणारी गोष्ट. छत्री घ्यायची तर हा माणूस ती दुकानातल्या नळाखाली धरून बघणार. चपला घ्यायच्या तर त्या पायात घालून एस.टी. स्टँडपर्यंत फेरी मारून येणार आणि "उजवी थोडी बोलते" म्हणून परत करणार. "मला बघायला आलात तेव्हा एवढी पारख केली नाहीत ते बरं," असं प्रमोदिनीबाई म्हणायच्या. त्यावर गुरुजी वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

दोन हजार सात साली त्यांच्या मुलानं, मुकुलनं, पुण्याहून आपला जुना लॅपटॉप त्यांना आणून दिला. जुना असला तरी चांगला पाटाएवढा रुंद, आणि वजनाला असा की मांडीवर ठेवला तर पायाला मुंग्या यायच्या. गुरुजी नुकतेच निवृत्त झालेले. पत्ते खेळायला शिकावं आणि लग्नाच्या सीड्या बघाव्यात, एवढाच त्याचा उपयोग होता. पण त्यातूनच त्यांना एक मोठं काम सुचलं.

आंबेनळी घाटाच्या अंगाला, रस्ता सोडून बरंच चढून गेलं की एक वाडी लागते. गुरुजींची पहिली नेमणूक तिथल्या एकशिक्षकी शाळेवर झाली होती. तेव्हा त्यांना साधा भातही शिजवता येत नव्हता. शेजारच्या भागूबाईनं दोन दिवस त्यांचा करपलेला भात हुंगला आणि तिसऱ्या दिवसापासून भाकरी नि ताक शाळेच्या ओट्यावर आणून ठेवायला लागली. बदली होईपर्यंत ते थांबलं नाही. त्या बाईच्या नातवाचं, सोमाचं, त्या वर्षी कशेडी घाट ओलांडून खेडला लग्न झालं. गुरुजी लग्नाला गेले, पण भागूबाईलाच जाता आलं नाही. तिची म्हैस नेमकी तेव्हाच व्यायला झाली.

"म्हशीला काय तारीख बदलून मागू?" असं ती पोलादपूरच्या बाजारात हसत हसत सांगत होती. पण हसता हसता तिनं तीनदा विचारलं, "गुरुजी, नवरी कशी दिसत व्हती वो?" तिसऱ्यांदा ती हसत नव्हती. गुरुजींना गलबलून आलं. लग्नाची सीडी त्यांच्याकडे आली होती.

"भागूबाई, मी वर येतो आणि तुम्हाला सगळं लग्न दाखवतो," ते म्हणून गेले.

आता लॅपटॉप वर न्यायचा कसा? हातात धरला तर चढणीला झाडाचा आधार घेता येणार नाही. खांद्याच्या पिशवीत टाकला तर एका बाजूला कलंडणार. सॅकच हवी, तीही मोठी आणि पाठीला सुखाची. त्यासाठी महाडला जायचं ठरलं. पण लॅपटॉप घेऊन एस.टी.त धक्के खायचे, हे गुरुजींच्या तत्त्वात बसेना. मग त्यांनी एका हातात लॅपटॉप धरला, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला वरवंटा धरला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "सारखंच आहे." लॅपटॉपच्या आकाराचा पुठ्ठा कापला, त्यावर वरवंटा सुतळीनं बांधला आणि वरून जुना टॉवेल गुंडाळला. झाला लॅपटॉप तयार!

"अहो, चटणी कशानं वाटू?" प्रमोदिनीबाई ओरडल्या.

"दोन दिवस लोणचं खाऊ," म्हणत गुरुजी बाहेर पडले.

महाडच्या बाजारात महिपतीशेठच्या दुकानात त्यांनी पहिली सॅक घेतली, वरवंटा आत घातला आणि चालू लागले. पट्टे बारीक, खांदे कापायला लागले. दुसरी डोंगर चढणाऱ्या पोरांची. ती गुरुजींच्या डोक्याच्या वर निघाली आणि मागून बघणाऱ्याला नुसतीच सॅक चाललेली दिसली. तिसरीत पुठ्ठाच जाईना. चौथी घालून गुरुजी माळ्याच्या शिडीवर चढले, उतरले, वाकले, उकिडवे बसले, फांदीखालून जावं तसे काउंटरच्या फळीखालून गेले आणि "पाठीला बोचते" म्हणाले. दुकानात चहावाला आला होता, तो कप विसरून बघत राहिला.

"गुरुजी, आत आहे तरी काय?" महिपतीशेठनं अखेर विचारलं.

"वरवंटा."

 गिऱ्हाईक तुटू नये म्हणून शेठनं आतून एक सॅक काढली. रुंद मऊ पट्टे, पाठीला जाड गादी, छातीवर लावायला चाप. रंग मात्र झेंडूच्या फुलासारखा. गुरुजींनी ती चढवली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाठीवर काही आहे हेच कळेना!

घरी आल्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. संध्याकाळी तीच सॅक वरवंट्यासकट पाठीला लावून ते सावित्री नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले, ती दाराशी खुंटीला टांगली आणि निवांत झोपले. सकाळी उठून सॅक घेतली नि निघाले.

चढण सरली तेव्हा गुरुजी दमले होते, पण पाठ कशी मजेत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सॅकचे गुण सांगत होते. वाडीत अंगणात घोंगडी अंथरली होती. सगळी वाडी जमली होती. भागूबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली होती. लग्नालाच आली होती ना ती! गुरुजींनी चाप सोडला, टॉवेल उलगडला.

आत पुठ्ठ्याला बांधलेला वरवंटा!

भागूबाईनं वाकून वरवंट्याकडं बघितलं. सुतळी चाचपली. "ह्यात दिसतंय लगीन?" तिनं खऱ्याच मनानं विचारलं.

मग जो हशा उसळला, त्यात गुरुजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिनं रोज न विसरता भाकरी आणली, तिच्याकडं आपण दगड घेऊन आलो, हेच त्यांच्या मनात घोळत राहिलं. भागूबाईनं ते पाहिलं आणि हसणाऱ्यांना एका हातानं गप्प केलं.

"गुरुजी, रडू नका. लगीन झालंय ते काय मोडत नाय. परत या." मग तिनं वरवंटा उचलून पदराआड घेतला. "ह्यो मात्र हितं ऱ्हाईल. लगीन दाखवा नि घेऊन जा."

घरी लॅपटॉप कपाटात सुखरूप होता. प्रमोदिनीबाई मात्र शांत नव्हत्या. "माझा वरवंटा गहाण टाकून आलात?" त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मी येणार. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

निघताना त्यांनी स्वतः सॅक उघडून आत हात घालून पाहिला, आणि वाटेत गुरुजींनी आणखी दोनदा पाहिला. अंगणात पुन्हा घोंगडी पडली. भागूबाई त्याच लुगड्यात. पडद्यावर सनई वाजू लागली, अक्षता पडल्या, नवरी दिसली. "नाक मोठं हाय, पण हसती गोड," भागूबाई म्हणाली. मग सोमा थोरामोठ्यांच्या पाया पडू लागला. ओळीच्या शेवटी एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावर घडी घालून ठेवलेलं भागूबाईचं जुनं लुगडं होतं. सोमा त्या खुर्चीपुढं वाकला नि वाकूनच राहिला.

भागूबाईनं हात पुढं केला, पडद्यावर ठेवला. "ऊठ रे बाबा. कंबर दुखंल," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गुरुजींनी मान वळवली आणि उगाच सॅकचा चाप लावत-काढत बसले.

जेवायला नाचणीची भाकरी होती आणि त्याच वरवंट्यानं वाटलेली चटणी. भागूबाईचा स्वतःचा वरवंटा दुभंगला होता, हे प्रमोदिनीबाईंनी चुलीपाशी पाहिलं. निघताना त्यांनी आपला वरवंटा मागितलाच नाही. भागूबाईच्या मात्र सगळं ध्यानात आलं. ती परड्यात गेली, भला मोठा कापा फणस घेऊन आली आणि गुरुजी नको नको म्हणत असताना तो सॅकमध्ये बसवून चाप लावला.

घाट उतरताना फणस गुरुजींच्या पाठीवर होता आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून प्रमोदिनीबाईंच्या कडेवर. रात्री मुकुलचा फोन आला. "बाबा, सॅक कशी आहे? मापात बसतं का सगळं?"

"अगदी मापात," गुरुजी म्हणाले. "एक काटा टोचला नाही."