गव्हाणीजवळचा बैल

आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत नॉर्वेचं एक मिशनरी कुटुंब बरीच वर्षं भाड्यानं राहिलं. नवरा ढोरांचा डॉक्टर, बायको नर्स आणि एक मुलगी. आले तेव्हा पोरगी मांडीवर होती. चालायला शिकली ती आमच्या अंगणात, बोलायला शिकली ती माझ्या तोंडून, त्यामुळे तिच्या बोलण्यात माझे वाईट शब्दही आले. बाई कडुनिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगून गावातल्या तान्ह्या पोरांची वजनं करायच्या. डॉक्टर सायकलवर औषधाची पेटी बांधून गोठेच्या गोठे फिरायचे. रविवारी त्यांच्याकडे चार घरची माणसं जमून गाणी म्हणायची, तेवढंच. पांढरकवड्याच्या बाजारात बायका मला हळूच विचारायच्या, 'बाटवतात का वो?' मी म्हणायची, 'आमचे बैल तं अजून बाटले नाहीत.' आमचे हे म्हणत, तुझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं खाऊन जे उरलं, ते भावानं मारलं. बाजारात बैल विकायला येत आणि घेणारं कोणी नसे. ज्यांच्या दावणीला जोडी टिकून होती ते तिला जपत, म्हणून डॉक्टरांना फार मान होता. जू घासून बैलाचा खांदा सोलवटला की ते स्वतः मलम भरायचे आणि मालकाला बजावायचे, 'आठ दिवस जुंपू नका.' लोक ऐकायचेही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी पावसाळ्यात त्यांना कळलं की व्हिसा वाढवून मिळणार नाही. जानेवारीत परत जायचं होतं. बाईंनी मला चुलीपाशी बसून सांगितलं आणि मी भाकरी जाळली.

पोरगी तेव्हा आठ वर्षांची. तिला एकच हवं होतं, तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, पूजा होते, मग बैलांना दोरी बांधून ती दारोदार फिरतात. ज्याच्या दारी बैल येतो तो मुलांच्या हातावर काहीतरी ठेवतो, त्याला बोजारा म्हणतात. दरवर्षी ती कुंपणापाशी उभी राहून बघायची. यंदा सुतारानं तिला सागाचा छान बैल करून दिला होता, खाली चार चाकं, शिंगं तिनं स्वतः रंगवलेली. डॉक्टरांनी तो कौतुकानं हातात घेऊन पाहिला, आणि जायला नाही म्हणाले.

मी तावातावानं मागच्या दारी गेले. 'काहून नाही जाऊ देत? पोरगी जाऊन राह्यली ना हे गाव सोडून?'

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बैलावर माझं प्रेम आहे, ताई. पण मी त्याला हात जोडत नाही. जे मी करत नाही ते तिला कसं करायला सांगू? उगाच वरवर केलं तर तुमच्या सणाचाही अपमान होईल."

मला त्यांचा राग आला आणि पटलंही. दोन्ही एकदम झालं की माणूस फार चिडतो. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. पोरगी रडली नाही. बैल खाटेखाली गेला.

डिसेंबरात त्यांचा सण आला. व्हरांड्यात बाई दरवर्षी गव्हाण मांडायच्या. मातीची मरियम, योसेफ, मेंढरं आणि कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशावर, निजलेलं बाळ. त्या वर्षी त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "थोडा कापूस मिळेल? बर्फ करायचाय." आमच्या ओसरीत कापूस आढ्याला टेकला होता, कोणी भाव विचारत नव्हतं, आणि ही बाई बर्फासाठी मागते. मला हसू आलं. म्हटलं, 'न्या, घमेलंभर न्या. कोणाच्या तरी कामी येऊ द्या.'

संध्याकाळी बायका बघायला आल्या. बाईंनी गोष्ट सांगितली, की हिचे दिवस भरले होते, धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून गोठ्यात बाळंत झाली. आमच्या बायकांना देवाचं पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "नव्वा महिना भरला अन् हा तिले रस्त्यानं कायले घेऊन गेला? माहेरी काहून नाही धाडली?" योसेफाकडे सगळ्यांनीच रागानं बघितलं. दुसरी म्हणाली, "ओलं बाळ कुटारावर टोचत नसन का?" आणि तिनं मांडलेल्या गोठ्याच्या छपरावरचा सगळा कापसाचा बर्फ काढून बाळाच्या अंगाखाली घातला. तिसरी घरी जाऊन टोपडं घेऊन आली. ते बाळापेक्षा मोठं होतं, तरी तिनं ते पांघरलंच. बाई हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या. मलाही भरून आलं. परमुलखात, माहेरापासून लांब, थंडीत बाळंतीण. यात न समजण्यासारखं आम्हाला काही नव्हतं.

त्या गडबडीत पोरगी आत गेली आणि खाटेखालचा बैल घेऊन आली. गव्हाणीपाशी असायचा त्या मातीच्या बैलाचा मागच्याच वर्षी चुरा झाला होता. तिनं आपला बैल गव्हाणीपाशी ठेवला. योसेफाच्या दुप्पट उंच दिसत होता. ती मला म्हणाली, "काकू, ह्याच्यात बैल असते." मी डॉक्टरांकडे बघितलं. ते नाही कसे म्हणणार, त्यांच्याच गोष्टीत बैल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकत होते, तर गल्लीतून चाकांची खडखड ऐकू आली. गावातली सगळी पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत येत होती. कोणाच्या शिंगांना पोळ्याचे जुने बेगड, कोणाच्या गळ्यात नवी झेंडूची माळ. मी म्हटलं, 'हे काय रे? पोळा होऊन चार महिने झाले.' एक जण म्हणाला, "इच्या घरी आज हाय म्हणते." पोरगी व्हरांड्यातून उतरली, आपल्या बैलाला सुतळी बांधली आणि रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

पोरं डॉक्टरांच्या दाराशी थांबली आणि ओरडली, "बोजारा!"

डॉक्टर दारात तसेच उभे. इथे तोरण नव्हतं, पूजा नव्हती, हात कोणी जोडले नव्हते. मी लांबूनच म्हटलं, 'दाराशी बैल आले, डॉक्टरसाहेब. रिकाम्या हातानं परत नाही पाठवत.' ते आत गेले आणि डबा घेऊन आले. बाईंनी पांढरकवड्याच्या बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीत भाजून आणलेली आल्याची बिस्किटं होती ती. त्यांनी एकेका पोराच्या हातावर बिस्कीट ठेवलं. शेवटी मुलगी आली. तिच्या हातावरही ठेवलं, आणि मग वाकून तिच्या बैलाचा खांदा अंगठ्यानं तपासला, खऱ्या बैलाचा तपासायचे तसाच. पोरं खूश होऊन पांगली.

ती मात्र गेली नाही. हातातलं बिस्कीट न खाता माझ्याकडे आली.

"काकू, आता बाबानं बोजारा देल्ला. आता तं आम्हाले नाही जा लागत ना?"

मला कळेना. मग तिनंच मला समजावून सांगितलं. बाबा पोळा करत नाहीत, ते इथले नाहीत, म्हणून सरकार त्यांना काढून राह्यलं होतं. आता सगळ्या गावानं बघितलं. आता कोणीतरी सरकारला जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. पावसाळ्यापासून हे तिच्या मनात होतं, आणि आम्ही समजत होतो की पोरीला खेळायचं आहे.

मी एवढी तोंडाळ बाई, पण मी नुसती सड्याची बादली खाली ठेवली. डॉक्टरांनी दारातून ऐकलं होतं. ते आले, तिच्यासमोर मातीत बसले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "जा लागते, बाई."

तिनं बोजाऱ्याचं बिस्कीट त्यांच्या हातावर परत ठेवलं.