हुंगून पाहिलेली हिंगाची डबी

वर्तमानपत्राच्या कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा सहकारी करोना पॉझिटिव्ह निघाला. दोनच दिवसांपूर्वी आम्ही एका डब्यातून जेवलो होतो. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. सकाळी हिंगाची डबी हुंगली, वास आला. दुपारी पुन्हा हुंगली, तेव्हा तो वास डबीतून येतोय की आठवणीतून, याचीच शंका आली.

समोर राहणाऱ्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्या त्या डोळ्यात रोज संध्याकाळी मी थेंब घालतो. आज ते स्वतःच दारात आले. मी त्यांना सगळं सांगितलं, टेस्ट करावी का तेही विचारलं.

“तुला काही होतंय का?”

“नाही.”

“मग टेस्ट कशाला? उगाच मजला सील करतील. दूधवालासुद्धा वर यायचा नाही.”

मलाही नेमकं हेच ऐकायचं होतं. पण सोयीचं उत्तर इतक्या पटकन मिळालं, तर दुसरीकडे विचारून खात्री करून घ्यायची, ही माझी बातमीदारीतली सवय.

काकांनी मान मागे टाकून डोळा ताणून धरला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी दोन पावलं मागे सरलो.

“आज तुमचे तुम्ही घाला, काका.”

“अरे, निम्मं औषध गालावर जातं माझं!”

“जाऊ दे,” म्हणालो आणि टेस्टसाठी जिना उतरू लागलो.