कोळशाची एक रेघ

साठ-एकसष्टचा सुमार. झरी जामणीकडच्या एका गावात मी विज्ञान शिकवायचो आणि एका प्रश्नानं मला पछाडलं होतं: पाठीचा कणा पहिल्यांदा कुणाला आला? पुस्तकात अर्धंच पान होतं. जबडा नसलेले, माशासारखे, अंगावर हाडांचं कवच असलेले जीव. त्यांच्याआधी कोण? तिथं पुस्तक गप्प.

गावाबाहेर चुन्याची भट्टी होती. ती लावणारी मावशी खाणीतल्या दगडांवर कोळशानं रेघा ओढायची. वरच्या थराला एक, तळच्या निळ्या दगडाला तीन. दोघांना आच वेगळी लागते म्हणून. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मासा उमटलेला एक दगड तिनं माझ्यासाठी बाजूला ठेवला. डोकं, काटे, सगळं स्पष्ट. शेपूट तेवढं नव्हतं. मी तो घरी नेऊन राखेनं घासला, लख्ख केला.

मी पत्र टाकलं, तसे नागपूरहून एक भूगर्भतज्ज्ञ आले. खाणीत उभं राहून त्यांनी विचारलं, "कोणत्या थरातला? वरचा थर फार अलीकडचा. पण तळातला असेल, तर इतका जुना मासा जगात कुणी पाहिलेला नाही."

"तळातला," मी म्हणालो. कसं तोंडातून निघालं, कळलं नाही.

मावशी हसली. "नाई जी, गुरुजी! वरचा व्हय तो. एक रेघ नव्हती का त्याच्यावर?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी खेकसलो.

साहेबांनी तिला पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "गुरुजी म्हणते तसंच असन."

आठ दिवस तळ खोदला. एक काटा निघाला नाही. साहेब उद्या निघणार, तर मावशी हळूच म्हणाली, "गुरुजी, शेपूट हाये ना वरच्या भिंतीत. दाखवू का त्याइले?"

त्या दुपारी मी हातोडा घेऊन ते शेपूट फोडून काढलं आणि पेटत्या भट्टीत टाकलं. असला दगड मावशी कधी जाळत नसे. ती मागे उभी होती.

"काहून केलं जी?" एवढंच विचारलं. नंतर तिनं मला एकही दगड दाखवला नाही.

साहेबांनी मासा नेला, चिठ्ठीवर थरापुढे प्रश्नचिन्ह काढून. ते प्रश्नचिन्ह माझं आहे. पहिला कणा कुणाला आला, हे मी अजूनही शोधत असतो. तो मासा मात्र वरच्या थरातला होता. त्यावर एक रेघ होती. ती मी पुसली.